दांडग्या कुत्र्यांच्या घरात चिमुकलं कुत्रं आणायचं असेल तर

गेल्या वर्षी मे महिन्यात आत्या कायमची मुलाकडे परदेशी गेली आणि तिची चिंगी आमच्याकडे आली. चिंगी म्हणजे शिह त्झू, चार वर्षांची, वजन साडेपाच किलो, जन्म आत्याच्या मांडीवर गेलेला. आमच्याकडे आधीच दोघं होती. बंड्या हा लॅब्रॅडॉर, ३४ किलोचा. जगात कुणाशी वैर नाही, पण आपलं अंग कुठे संपतं याचाही पत्ता नाही. दुसरी राणी, सोलापूरकडच्या एका शेतावरून आणलेली कारवान, २३ किलोची, लांब टांगांची. पळतं काही दिसलं की आधी धावणार, मग बघणार काय आहे ते. जागा पुण्यात, कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमची. एवढ्या जागेत जे जमलं आणि जे फसलं ते क्रमाने लिहिते आहे.

"भांडतील का गं?" हा प्रश्न प्रत्येकाने विचारला. मला भांडणापेक्षा लाडाची धास्ती जास्त होती. बंड्या चिंगीच्या सहापट. साठ किलोच्या माणसाच्या अंगावर पावणेचारशे किलोची म्हैस मायेने रेलली तर काय होईल, तोच हिशोब इथे. पुढची सगळी खटपट त्यासाठी आहे.

आधी ठरवा, आणायचं का?

तुमच्या मोठ्या कुत्र्याने कधी मांजर, घूस किंवा कोंबडी धरून मारली असेल, तर चांगल्या प्रशिक्षकाला घरी बोलावून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. लहान कुत्रं केकाटत पळालं की काही मोठ्या कुत्र्यांच्या डोक्यात खेळ थांबतो आणि शिकार सुरू होते. मिनिटभरापूर्वी दोघं मजेत बागडत असतात. यात कुत्रा दुष्ट असण्याचा काही संबंध नाही. कारवान, मुधोळ, पश्मी ही कुत्री ससे धरण्यासाठीच पाळत आले आहेत आपल्याकडे. घरात सोफ्यावर झोपतात म्हणून रक्तातलं जात नाही.

दोन माद्यांचं वाजलं तर लवकर मिटत नाही, हेही लक्षात असू द्या. राणी आणि चिंगी दोघींची नसबंदी झालेली होती, तरी मी मनात ही शंका ठेवूनच होते. पिल्लू आणणार असाल तर आणखी जपायला हवं. चिहुआहुआसारख्या पिल्लाची टाळू बऱ्याचदा पूर्ण भरलेली नसते. तिथे खेळातला एक पंजाही महागात पडतो.

दिवस निवडा, डॉक्टर गाठा

गणपती आणि दिवाळी टाळा. गणपतीच्या आधीचे काही आठवडेही टाळा, कारण नदीपात्राच्या बाजूला ढोलपथकांचा सराव संध्याकाळी सुरू झाला की आमच्याकडे भांडी थरथरतात, कुत्र्यांचं काय घेऊन बसलात. घरात कार्य नाही, पाहुणे नाहीत, आणि दोघांपैकी एकाला चार-पाच दिवस रजा आहे, असे दिवस काढा.

नवं कुत्रं आधी पशुवैद्यकांकडे, मग घरी. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो, रेबीज या लसी जुन्या कुत्र्यांच्याही तारखेत आहेत का ते पाहा. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे लसींचा कोर्स अपुरा असलेलं पिल्लू रस्त्यावर उतरवायचं नाही. ते कुठून आलं याची खात्री नसेल तर दहा-चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. ढास, जुलाब, ताप काही असेल तर तेवढ्यात कळतं. पावसाळ्यात गोचीड बघा. लांब केसांत, कानामागे, बोटांच्या बेचक्यात ती लपते आणि तिच्यामुळे होणारा टिक फीव्हर तिन्ही कुत्र्यांना एकदम आडवं करू शकतो.

एक गोष्ट मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत सुचली नव्हती: डोळ्यांवरचे केस कापा. शिह त्झू, ल्हासा यांची झुलपं आपल्याला गोड वाटतात, पण त्यांना त्यातून बाजूचं धड दिसत नाही आणि मोठ्या कुत्र्याला त्यांचा चेहरा वाचता येत नाही. त्यातून चपट्या नाकाची कुत्री श्वास घेताना घुरघुरतात. समोरच्याला ते गुरगुरणं वाटू शकतं. चिंगीचे केस कापल्यावर बंड्याने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं, असं माझं ठाम मत आहे. नवरा हसतो.

घराची तयारी

लहान मुलांसाठी दाराच्या चौकटीत बसवतात ते सेफ्टी गेट घ्या. नवं महाग वाटलं तर जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर मारा, आम्हाला तिथेच मिळालं. फक्त दोन गोष्टी तपासा. गजांमधून लहान कुत्र्याचं डोकं जाता कामा नये, आणि मोठ्या कुत्र्याने उडी मारून पार करता कामा नये. राणीने आमचं गेट पहिल्याच दिवशी ओलांडून दाखवलं. मग सुताराकडून मागच्या बेडरूमला खाली प्लाय आणि वर जाळी असं दार करून घेतलं. बाल्कनीच्या कठड्यातल्या फटीही बघा. त्या लॅब्रॅडॉरच्या मापाने ठीक असतात, साडेपाच किलोच्या मापाने नाहीत.

लहानाला जाता येईल आणि मोठ्याला येणार नाही अशी एक जागा हॉलमध्ये हवीच. आमच्या दिवाणाखाली सात इंचांची पोकळी आहे, तीच चिंगीची. तिथला सामान भरलेला ट्रंक काढून टाकला, म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येतं. एकच तोंड असलेल्या जागेत कुत्रं कोंडलं जातं, आणि कोंडलेलं कुत्रं चावतं.

फरशीकडे कुणी बघत नाही. गुळगुळीत टाइल्सवर लहान कुत्र्याचे पाय फाकतात आणि मोठं कुत्रं ब्रेक लागत नसलेल्या पीएमटीच्या बससारखं येऊन आदळतं. दारापासून हॉलच्या मध्यापर्यंत जाड सतरंज्या किंवा मागे रबर असलेल्या मॅट टाका.

चिंगी यायच्या आठवडाभर आधी मी आत्याकडून तिची गोधडी आणली आणि बंड्या-राणीचं अंग पुसलेला पंचा तिकडे पाठवला. वास आधी पोचला की ओळख निम्मी होते. गोधडी जेवणाच्या भांड्याजवळ ठेवली होती. बंड्या दोन दिवसांत तिच्यावर झोपायला लागला. राणीने मात्र ती तोंडात धरून गदागदा हलवली. तेव्हाच कळलं, काळजी कुणाची करायची ते.

पहिली भेट घराबाहेर

घर जुन्या कुत्र्यांचं असतं, त्यामुळे पहिली गाठ तिथे घालायची नाही. टेकडीवर किंवा बागेतही नको, तिथे माणसं आणि इतर कुत्री फार. सोसायटीच्या मागची शांत गल्ली पाहा, पहाटे साडेपाचची वेळ धरा. गल्लीतले दादा कुठे झोपतात ते आदल्या दिवशी बघून ठेवा. प्रत्येक गल्लीत तीन-चार असतातच आणि पट्ट्यातल्या अनोळखी कुत्र्यांची वरात त्यांना आवडत नाही.

एका वेळी एकच मोठं कुत्रं, आणि आधी त्यातलं शांत. दोन माणसं हवीत. लहान कुत्र्याला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, घाला. गळपट्ट्याला हिसका बसला तर त्यांच्या नाजूक श्वासनळीला इजा होते. दोर साधा सहा फुटी. बटण दाबून लांबणारा दोर या कामाला नको.

सुरुवात पंधरा-वीस फुटांवरून, दोघं एकाच दिशेने चालत. समोरासमोर आणू नका. दोन कुत्र्यांनी नाकासमोर चालत येणं त्यांच्या रीतीत उद्धटपणाचं असतं. पहिला दिवस फक्त चालायचं. एकमेकांकडे बघून पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले की अंतर थोडं कमी करा. एकाने मुतलेल्या जागी दुसऱ्याला हुंगू द्या. आपण व्हिजिटिंग कार्ड देतो तसं ते. मग एकमेकांच्या मागून जाऊ द्या. शेवटी हुंगायला तीन सेकंद, आणि "चल" म्हणून हाक. आला की बक्षीस. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे पनीरचे तुकडे. उकडलेलं चिकन जास्त चालतं म्हणे.

दोर ताणू नका. तुमच्या हातातला ताण कुत्र्याच्या मानेपर्यंत पोचतो.

बंड्याचं दोन सकाळींत झालं. शेपटी कमरेसकट हलत होती, तोंड उघडं, जीभ बाहेर. राणीच्या वेळी चित्र वेगळं होतं. ती चालत होती, पण चिंगी दुडदुडायला लागली की राणीचं तोंड मिटायचं. एवढंच. उघडं तोंड मिटलं, कान पुढे आले, एक पंजा हवेत थांबला. ज्याला कुत्री माहीत नाहीत त्याला हे दिसणारही नाही. प्रत्येक वेळी मी तिला नावाने हाक मारून मान वळवायला लावली आणि अंतर वाढवलं. राणीला नऊ दिवसांच्या सकाळी लागल्या. शेवटच्या चार तिला मुसकं घालून. मुसकं जाळीचं, पिंजऱ्यासारखं घ्या, ज्यात तिला धापता आणि पाणी पिता येईल. कापडी पट्ट्याने तोंड बांधून चालायला नेऊ नका. आणि मुसकं घातलं म्हणून निर्धास्तही होऊ नका, त्याचा ठोसा चांगलाच लागतो.

घरात पाऊल

मोठ्यांना फिरवून दमवा. ते बाहेर असताना लहानाला रिकाम्या घरात आणा, तासभर हुंगू द्या. खेळणी, हाडं, चघळायच्या काड्या सगळं उचलून कपाटात. मग मोठी एकेक करून आत, दोर गळ्यातच आणि जमिनीवर लोंबता, म्हणजे वेळ आली तर पायाने दाबता येतो. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, दोनदा. बास. बाकी वेळ जाळीच्या दारापलीकडे. जाळीतून बघून बघून कंटाळा येणं, हेच आपल्याला हवं आहे.

हा लोंबता दोर निदान दोन आठवडे ठेवा. मी पाचव्या दिवशी काढला. सगळं छान चाललं होतं ना.

संध्याकाळी सात वाजता बेल वाजली. कुरिअर. बंड्या उठला तो थेट दाराकडे, आणि जाताजाता खांद्याने चिंगीला उडवलं. ती कोलमडून केकाटली. कोपऱ्यात झोपलेली राणी एका उडीत तिथे. तोंड बंद, मान ताठ. आणि मी काय केलं? चिंगीला झटकन उचलून छातीशी धरलं. पुढच्या क्षणी राणीचे पंजे माझ्या खांद्यावर आणि दात चिंगीच्या शेपटीच्या झुपक्यात. नशिबाने केसच हातात, म्हणजे दातात, आले. माझ्या दंडावर ओरखडे, चिंगी आठवडाभर दिवाणाखाली.

उचलणं हा आपला पहिला आवेग असतो आणि नेमका तोच घात करतो. झपकन वर जाणारी, वळवळणारी, केकाटणारी वस्तू पाहून दांडगं कुत्रं उडी मारणारच. आता ते लहान कुत्र्यावरही आहे आणि तुमच्या तोंडावरही. लहानाला पळायला जागा उरत नाही, आणि मोठं कुत्रं जवळ आलं की आपल्याला उचलतात, म्हणजे ते भयंकरच असणार, हा धडाही त्याला मिळतो. त्याऐवजी दोघांच्या मध्ये पाय रोवून उभं राहा, मोठ्याचा दोर दाबा, त्याला नावाने आपल्याकडे बोलवा. लहानाला दिवाणाखाली जाऊ द्या. अगदीच उचलावं लागलं तर पाठ फिरवून सरळ बेडरूममध्ये जा, दार लावा. हॉलमध्ये उभं राहून कुरवाळायचं नाही.

आमच्या दारावर त्या रात्री पाटी लागली: "कृपया बेल वाजवू नये. फोन करावा. आत तीन कुत्री असून त्यांपैकी एकच लहान आहे." पुण्यात पाटी लावली म्हणून लोक वाचतात असं नाही. त्यामुळे बेलची तालीमही घेतली. नवरा बाहेर जाऊन बेल वाजवायचा, मी "चटईवर" म्हणायचे, मोठे दोघं आपापल्या चटईवर गेले की पनीर. रोज दहा वेळा, तीन आठवडे. आता बेल वाजली की बंड्या चटईकडे पळतो आणि तिथून भुंकतो.

दंगा कुठला, भांडण कुठलं

खेळ बरोबरीचा असतो. पुढचे पाय जमिनीला टेकून मागचं ढुंगण वर, हे निमंत्रण. मोठं कुत्रं स्वतःहून आडवं पडतं, लहानाला वरचढ होऊ देतं, मध्येच दोघं थांबून अंग झटकतात आणि पुन्हा सुरू. शंका आली तर मोठ्याला बाजूला धरून बघा: लहान कुत्रं पुन्हा त्याच्याकडे जातं की संधी साधून निघून जातं? निघून गेलं तर तो खेळ एकट्याचाच चालला होता.

मोठ्याने पाठीवर हनुवटी किंवा पंजा ठेवणं, वर उभं राहून थिजणं, टक लावून बघणं, खांद्याने ठोकर देणं, हे लगेच मोडा. लहानाकडे ओठ चाटणं, सारखी जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं बघा. तो नको म्हणतो आहे. कुणीही गुरगुरलं तर त्याला रागावू नका. गुरगुरणं ही सूचना असते. ती बंद केलीत तर पुढच्या वेळी सूचना न देता दात येतील.

मांडी

मांडीवरच्या कुत्र्यांची ही खास भानगड. जेवण, खेळणी यांवरून कुत्री भांडतात हे सगळ्यांना माहीत असतं. चिंगीची सगळ्यांत मोठी इस्टेट मात्र माझी मांडी होती. तिथे बसून ती बंड्याला दात दाखवायची आणि घरातले सगळे कौतुकाने हसायचे, "झाशीची राणी बघा आमची." बंड्या सहनशील, मान वळवून निघून जायचा. राणी जाणार नव्हती.

नियम केला तो असा: मोठी चटईवर असतील तरच मांडी. मांडीवरून गुरगुरली की न बोलता उभं राहायचं, चिंगी आपोआप जमिनीवर. रागावणं नाही, समजावणं नाही. दहा-बारा दिवसांत तिला गणित कळलं. सासूबाईंना कळायला थोडा जास्त वेळ लागला.

जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, पंधरा मिनिटांनी भांडी उचलून. आपल्या जेवणाच्या टेबलाखाली तिघांनाही मज्जाव, कारण पडलेला पोळीचा एक तुकडा पुरतो.

एकटं कधी सोडायचं?

दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरात धावायचं असेल तरी आधी जाळीचं दार लावा. बंड्या आणि चिंगीला मी तीन महिन्यांनी खोलीत दहा मिनिटं सोडलं. राणी आणि चिंगीला आजतागायत नाही, आणि सोडणारही नाही. बाहेर जाताना राणी मागच्या बेडरूममध्ये. हे अपयश आहे असं मला वाटत नाही. काही घरांत दोन चुली असतात, तसं.

दात लागलाच तर

मारामारीत हात घालू नका. स्टीलचं ताट जमिनीवर आपटा, अंगावर पाणी ओता, चादर टाका, मध्ये खुर्ची किंवा पाट सरकवा. दोन माणसं असतील तर प्रत्येकाने एकेका कुत्र्याचे मागचे पाय कमरेपाशी उचलून मागे न्यायचं. पकडून ठेवलेल्या लहान कुत्र्याला ओढू मात्र नका, जखम फाटते.

नंतर वरून बारीकसं भोक दिसलं आणि कुत्रं चालतंय म्हणून हळद लावून बसू नका. मोठं कुत्रं लहानाला धरून हलवतं तेव्हा कातडी ढिली असल्याने वर फक्त दाताची खूण दिसते. आत स्नायू फाटलेले, बरगडी मोडलेली, छातीत हवा गेलेली असू शकते. त्याच तासात डॉक्टर. पग, शिह त्झू, पेकिनीज यांचे डोळे उथळ खोबणीत असतात, झटापटीत डोळा बाहेर येऊ शकतो. आत ढकलू नका, स्वच्छ ओलं कापड धरून निघा. रात्री उघडा असलेला दवाखाना कुठला, त्याचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवा. मला तो रात्री अकरा वाजता शोधावा लागला होता, बंड्याच्या नखाने चिंगीच्या बुबुळावर ओरखडा आला तेव्हा. पहिल्या दोन ठिकाणी फोनच उचलला गेला नाही.

तुम्हाला दात किंवा नख लागलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, कुत्रं घरचं आणि लसीचं असलं तरी.

राहिलेलं

प्रत्येक कुत्र्याचा महापालिकेचा परवाना वेगळा काढायचा असतो, त्याला रेबीज लसीचा दाखला लागतो. सोसायटीत कुणी "तीन-तीन कुत्री?" म्हणालं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून ठेवा: पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. तिघांना एकाच लिफ्टमध्ये मात्र कोंबू नका. चार फुटांच्या पेटीत लहानाला सरकायला जागाच नसते, आणि मध्येच दुसऱ्या मजल्यावर दार उघडून कुणाचं तरी कुत्रं समोर उभं राहतं. आम्ही दोन फेऱ्या करतो. शेजारच्या काकांनी त्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टच्या वीजबिलाचा मुद्दा काढला होता, तो अजून मिटलेला नाही.